टकळीवरचा सदका

उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) यांचं नाव निघालं की चर्चा एकाच वळणावर जाते. हजरत जैद यांच्याशी झालेलं लग्न, मग तलाक आणि त्यानंतर प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याशी झालेला निकाह. इस्लामचे टीकाकार तिथूनच सुरुवात करतात आणि त्यांना उत्तर द्यायला निघालेले आपले लोकही तिथेच मुक्काम ठोकतात. दोन्ही बाजूंची पुस्तकं एकापाठोपाठ वाचली तर असं वाटावं की पन्नासेक वर्षांच्या आयुष्यात या स्त्रीने लग्नांशिवाय दुसरं काही केलंच नाही.

मूळ साधनांमधलं चित्र वेगळं आहे. हदीसग्रंथ आणि इब्ने साद यांचं ‘तबकात’ वाचताना जैनब (रजि.) भेटतात त्या एक कारागीर म्हणून. त्या कातडी कमावत, शिवत, सूत कातत आणि त्यातून जे हाती येई ते वाटून टाकत. सहीह मुस्लिममध्ये एका वेगळ्याच प्रसंगाची हदीस आहे. तिच्यात ओघात येऊन जातं की प्रेषित घरी आले तेव्हा जैनब कातडं मळत बसल्या होत्या. सांगणाऱ्याला त्यांच्या कारागिरीबद्दल काही सांगायचं नव्हतं, म्हणूनच इतिहास वाचणाऱ्याला हा तपशील मोलाचा वाटतो. कौतुक करण्यासाठी कुणी तो रचलेला नाही.

त्यांच्या हातांबद्दलची हदीस बहुतेकांनी ऐकलेली असते. प्रेषितांनी आपल्या पत्नींना सांगितलं होतं की तुमच्यापैकी जिचा हात सर्वांत लांब, ती माझ्यामागून सर्वांत आधी मला येऊन भेटेल. ऐकणाऱ्यांनी ते शब्दशः घेतलं आणि हात मोजायला सुरुवात केली. बुखारीत बोरूसारख्या काडीने मोजल्याचा उल्लेख आहे. मोजणीत हजरत सौदा (रजि.) यांचा हात लांब भरला. पण हिजरी २० मध्ये, म्हणजे इसवी सन ६४१ च्या सुमारास, सर्वांत आधी गेल्या त्या जैनब आणि त्या तर ठेंगण्या होत्या. तेव्हा कुठे उलगडा झाला की लांब हात म्हणजे देणारा हात. बुखारीतल्या मजकुराची रचना अशी आहे की सौदाच आधी गेल्या, असा समज व्हावा. इमाम नववी आणि इब्ने हजर यांच्यासारख्या भाष्यकारांनी तो गोंधळ निस्तरला आहे. मुस्लिमच्या हदीसमध्ये मात्र कारण सरळ दिलेलं आहे. जैनब हाताने काम करत आणि त्यातून सदका देत. उदार होत्या, दानशूर होत्या एवढंच तिथे म्हटलेलं नाही. दान कुठून यायचं, तेही सांगितलेलं आहे.

याच हदीसवर लिहिताना इब्ने हजर यांनी तबरानींची एक रिवायत दिली आहे. बुखारी-मुस्लिमइतकं तिचं वजन नाही, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. जैनब सूत कातत आणि मोहिमेवर निघालेल्या तुकड्यांना ते देऊन टाकत. ती माणसं त्या सुताने शिवणटिपण करत आणि प्रवासात त्यांना ते कामी येई. गोष्ट एवढीच. आता सूत देण्यात काय मोठं, असं आज कुणालाही वाटेल, कारण आपल्याकडे दोऱ्याचं रीळ किराणा दुकानातही मिळतं. सातव्या शतकातल्या मदिनेतून निघालेल्या माणसाचं काय होत असेल? पाण्याची पखाल उसवली तर वाळवंटात जीव जाण्याची वेळ. खोगिराची पिशवी फाटली, तंबूची शिवण सुटली, अंगावरचं एकुलतं वस्त्र विरलं, तर वाटेत दुकान नाही. अशा वेळी जवळ सुताचं गुंडाळं असणं ही चैन नव्हती. देणारीला ते नेमकं ठाऊक होतं, कारण कातडं शिवण्याचं काम ती स्वतः करत होती.

हे सूत चरख्यावरचं नव्हे, हेही लक्षात घ्यायला हवं. आपल्याकडच्या धार्मिक पुस्तकांच्या अनुवादांत सरसकट ‘चरखा’ लिहिलेला आढळतो. अरबस्तानात तेव्हा चरखा नव्हता, टकळी होती. मेंढीची लोकर, शेळीचे नि उंटाचे केस पिंजायचे, त्यांचा पेळू हातात धरायचा, टकळीला गिरकी द्यायची आणि ती लोंबकळत फिरत असताना बोटांनी धागा ओढत राहायचं. आपल्याकडचे धनगर मेंढरांमागे चालता चालता लोकर कातत, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. चरख्याच्या मानाने हे काम फारच सावकाश चालतं. एका पखालीला पुरेल एवढा मजबूत, पीळदार दोरा काढायचा तर कितीतरी वेळ बोटं झिजवावी लागतात. अरबांना या मेहनतीची किंमत चांगली माहीत होती. म्हणूनच कुरआनच्या सूरह नहलमध्ये (१६:९२) शपथ मोडणाऱ्याला उपमा दिली आहे ती घट्ट कातलेलं सूत स्वतःच उसकटून टाकणाऱ्या स्त्रीची. ऐकणाऱ्याच्या घरात टकळी होती, त्याला ते नुकसान लगेच कळत होतं.

आता पैशाची गोष्ट. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात राज्याचा खजिना भरला. प्रेषितांच्या पत्नींना वर्षाला बारा हजार दिरहमांचं मानधन ठरलं. जैनब यांच्याकडे रक्कम आली तेव्हा त्यांना वाटलं, ही वाटण्यासाठी पाठवली असावी. माझ्या इतर बहिणींना हे काम माझ्यापेक्षा चांगलं जमलं असतं, असं त्या म्हणाल्या. सगळे तुमचेच आहेत, असं सांगितल्यावर त्यांनी ढिगावर कापड टाकलं आणि बरजा बिन्ते राफे नावाच्या स्त्रीला सांगितलं की कापडाखाली हात घाल, मूठ भर आणि अमक्याच्या घरी दे, तमक्याच्या घरी दे. नातेवाईक झाले, अनाथ झाले. शेवटी बरजाच म्हणाली, आमचाही काही हक्क आहे की नाही? जैनब म्हणाल्या, कापडाखाली उरलंय ते तुझं. मोजले तर ८५ दिरहम निघाले. त्यानंतर त्यांनी हात उचलून दुआ केली की उमरचं हे मानधन पुन्हा माझ्यापर्यंत पोहोचू नये. पुढचं मानधन येण्याआधीच त्यांचं निधन झालं.

ही गोष्ट आपले वक्ते दुनियेपासून अलिप्त राहण्याचा नमुना म्हणून सांगतात. ते बरोबरच आहे. पण मला त्यात आणखी काही दिसतं. खजिन्यातून आलेल्या बारा हजारांबद्दल ज्यांना धास्ती वाटली, त्याच जैनब कातडं विकून आलेल्या चार पैशांबद्दल कधी तसं बोलल्याचं नोंदलेलं नाही. ते पैसे त्यांच्या हातचे होते. सूरह निसामध्ये पुरुषांच्या कमाईचा वाटा पुरुषांचा आणि स्त्रियांच्या कमाईचा वाटा स्त्रियांचा म्हटलेलं आहे. जैनब यांच्या घरात ते रोजच्या व्यवहारात उतरलेलं दिसतं. घर प्रेषितांचं, पण टकळी आपली, सूत आपलं आणि ते कुणाला द्यायचं हेही आपणच ठरवायचं.

हजरत आयशा (रजि.) यांची साक्ष तर फारच बोलकी आहे. या दोघींची बरोबरी चालायची, कधी खटकेही उडायचे, हे आयशा यांनीच मोकळेपणाने सांगितलंय. तरीही मुस्लिमच्या हदीसमध्ये त्या जैनब यांच्या धर्मनिष्ठेबद्दल, खरेपणाबद्दल बोलतात आणि पुढे म्हणतात की ज्या कामातून सदका द्यायचा त्या कामात स्वतःला झिजवणारी अशी दुसरी स्त्री मी पाहिली नाही. लगेच जोडतात की राग मात्र चटकन यायचा, पण तितक्याच चटकन जायचा. इतकी माणसासारखी आठवण लिहिलेली असताना आपण तिला सोडून वादविवादाचे मुद्दे काढत बसतो, याचं मला नवल वाटतं.

शेवटच्या आजारात जैनब यांनी सांगून ठेवलं होतं की माझं कफन मी तयार ठेवलं आहे. उमरनी कफन पाठवलं तर दोहोंपैकी एक सदका करा. उमर यांनी पाच वस्त्रं पाठवली. त्यांत त्यांना दफन केलं गेलं आणि त्यांनी स्वतः तयार करून ठेवलेलं कफन बहीण हमना यांनी दान केलं. मागे ना दिरहम राहिला, ना दीनार. होतं ते घर. पुढे वलीद बिन अब्दुल मलिकच्या काळात मस्जिदे नबवी वाढवताना वारसांनी ते पन्नास हजार दिरहमांना विकलं.

कफनावरून त्या काळातली आणखी एक स्त्री आठवते. सहल बिन साद (रजि.) यांची हदीस बुखारीत आहे. एक स्त्री प्रेषितांकडे काठासकट विणलेली शाल घेऊन आली आणि म्हणाली, ही मी माझ्या हाताने विणली आहे, तुम्ही पांघरावी म्हणून. प्रेषितांना तिची गरज होती. त्यांनी ती घेतली आणि नेसून बाहेर आले. जमलेल्यांपैकी एकाने हात लावून पाहिलं आणि म्हणाला, मला द्या. प्रेषित घरात गेले, शालीची घडी केली आणि त्याला पाठवून दिली. लोक त्याच्यावर चिडले. त्यांना गरज आहे, ते कुणाला नाही म्हणत नाहीत, हे माहीत असून मागितलीस? तो म्हणाला, नेसायला नाही मागितली, माझं कफन व्हावं म्हणून मागितली. ती त्याचं कफनच झाली. बुखारींनी ही हदीस व्यापाराच्या प्रकरणात ‘विणकर’ या मथळ्याखालीही घेतली आहे. विणकराच्या धंद्याला हलकं लेखणाऱ्या आपल्या समाजाने तो मथळा एकदा वाचावा. शाल मागणाऱ्याचं नाव काय असावं यावर भाष्यकारांनी बरीच शाई खर्च केली. जिने ती विणली तिचं नाव मात्र हदीसमध्ये नाही.

दोनशे वर्षांनंतर बगदादमध्ये एक कातणारी भेटते आणि तिचं नाव राहिलं आहे. प्रसिद्ध सूफी बिश्र अल-हाफी (मृत्यू इसवी सन ८४१) यांच्या तीन बहिणी होत्या, त्यांतली ही मुख्खा. इब्ने खल्लिकान यांनी तिची गोष्ट दिली आहे. ती इमाम अहमद बिन हंबल यांच्याकडे प्रश्न घेऊन आली. माझं भांडवल दोन दानिक, असं तिने सांगितलं. त्यात मी कापूस घेते, कातते आणि अर्ध्या दिरहमला विकते. एका दिरहमचे सहा दानिक, म्हणजे हाती आले तीन. दोन पुन्हा कापसाला, उरलेल्या एकावर जुम्यापासून जुम्यापर्यंत पोट भरायचं. एका रात्री कोतवाल इब्ने ताहिर मशाल घेऊन गस्तीला आला आणि पहारेकऱ्यांशी बोलत थांबला. त्या उजेडात तिने पटापट थोडं सूत कातून घेतलं. मशाल गेली आणि मनाला टोचणी लागली की सत्तेचा हा उजेड आपल्याला हलाल होता का? इमाम म्हणाले, ते दोन दानिक देऊन टाक आणि अल्लाह त्याहून चांगलं देईपर्यंत बिनभांडवलाची राहा. ती निघून गेल्यावर मुलगा अब्दुल्लाह म्हणाला, त्या उजेडात कातलेलं सूत तेवढं वेगळं काढायला सांगितलं असतं तरी चाललं नसतं का? वडील म्हणाले, तिचा प्रश्न त्या पळवाटेला जागा देणारा नव्हता.

मला या उत्तरात कठोरपणा दिसतो आणि आदरही. आठवड्याला एक दानिक कमावणाऱ्या बाईला इमामांनी गरीब म्हणून सूट दिली नाही. तिच्या कमाईला त्यांनी एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याच्या कमाईइतकंच गांभीर्याने घेतलं.

चरखा आपल्याकडे यायला आणखी बराच काळ गेला. तो तेराव्या-चौदाव्या शतकात इराणकडून भारतात आला, असं इतिहासकार इरफान हबीब यांचं मत आहे. भारतातला त्याचा सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख सापडतो तो दख्खनमध्ये लिहिलेल्या ग्रंथात. मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा इसामी नावाचा मुलगा नव्वदीच्या आजोबांसोबत दिल्लीहून निघाला. आजोबा वाटेतच गेले. मुलगा दौलताबादला वाढला आणि त्याने १३४९-५० मध्ये पहिल्या बहमनी सुलतानाच्या आश्रयाने ‘फुतूह-उस-सलातीन’ हे काव्य रचलं. त्यात चरखा येतो तो रजिया सुलतानाच्या संदर्भात. बाईने तख्तावर बसू नये, चरख्यापाशी बसावं, असा त्याचा सूर आहे. गंमत पाहा, जे हत्यार जैनब यांच्या हातात स्वतंत्र कमाईचं साधन होतं, तेच इथे बाईला तिची जागा दाखवायला वापरलं गेलं.

विजापूरच्या सूफींनी मात्र चरख्याचं वेगळं काही केलं. त्यांनी दखनी भाषेत चक्कीनामे आणि चरखानामे रचले. बायांनी दळताना, कातताना म्हणायची ही गाणी. चाकाच्या फेऱ्याबरोबर जिक्र चालायचा. रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरच्या पुस्तकात त्यांचा अभ्यास केला आहे. आपल्या जात्यावरच्या ओव्यांचं हे सख्खं भावंडं. दख्खनच्या खेड्यात इस्लाम तलवारीने पोहोचला की खानकाहीतून, यावर वाद घालणाऱ्यांनी या गाण्यांकडे पाहायला हवं. तो बराचसा बायांच्या कामातून घरात शिरला.

आमच्याकडे नानी क्रोशावर टोप्या विणायची. रमजानच्या आधी दोन महिने तिच्या हातातून सुई सुटायची नाही. मदरशातल्या पोरांना टोप्या, गल्लीतल्या नव्या बाळांना लोकरीचे मोजे, एखाद्या विधवेच्या मुलीच्या जहेजासाठी रुमालांचा जोड. मामू लोक रमजानात वहीवर जकातीचा हिशोब मांडायचे. त्या वहीत नानीच्या टोप्या कधी आल्या नाहीत. नियमाने त्या येणारही नव्हत्या, जकात वेगळी आणि सदका वेगळा. पण घरात कुणी कुणी काय दिलं, याची चर्चा व्हायची तेव्हाही त्या कुणाच्या लक्षात यायच्या नाहीत. ‘अम्माला काहीतरी विरंगुळा हवा’ एवढंच. मालेगाव-भिवंडीच्या विणकर वस्त्यांत बायांनी घरी बसून कांड्या भरल्याशिवाय माग चालत नसे. तिथेही मागावर बसणारा विणकर आणि कांडी भरणारी म्हणजे घरची बाई, अशीच बोलायची रीत. मशिदीच्या फलकावर देणगीदारांची नावं रुपयांच्या क्रमाने लागतात. त्या क्रमात टोपीला जागा कुठून मिळणार?

बायांच्या हातच्या सुताला कागदावर जागा मिळाली ती खिलाफत-असहकाराच्या काळात. सत्तरी गाठलेल्या बी अम्मा, म्हणजे अली बंधूंच्या आई आबादी बानो बेगम, खादी घालून सभा घेत फिरत होत्या. बडोद्याचे निवृत्त न्यायमूर्ती अब्बास तय्यबजी यांनी विदेशी कपडे जाळले आणि बैलगाडीतून खादी विकली. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात ठरलं की सभासदाची वर्गणी पैशात नव्हे, सुतात घ्यायची. महिन्याला २,००० वार. ज्याला कातायचं नाही त्याने दुसऱ्याकडून कातून आणावं, अशी सवलत ठेवली गेली आणि तिथेच गाडं अडलं. लोक सूत विकत आणून वर्गणी भरू लागले. ज्यांच्याकडे पैसा होता, त्यांनी तो पुन्हा पैशाचाच व्यवहार करून टाकला.

वर्षभरातच नियम सैल करावा लागला. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला, तेव्हा गांधीजींनी ती फट बुजवली. ‘अ’ वर्गाच्या सभासदाने महिन्याला स्वतः कातलेलं १,००० वार सूत द्यायचं, पीळदार आणि एकसारखं. ‘ब’ वर्गाला वर्षाला २,००० वार. पहिल्या कार्यकारी मंडळात मौलाना शौकत अली होते. जमनालाल बजाज खजिनदार आणि तीन चिटणीसांमध्ये जवाहरलाल नेहरू, शंकरलाल बँकर यांच्यासोबत शुएब कुरेशी. हा नियम पाहताना मला पडद्यातल्या बाया दिसतात. सभेला जाणं त्यांना शक्य नव्हतं, पण सुताला पडदा नव्हता. नवऱ्याच्या खिशात हात न घालता, त्याची परवानगी न मागता सभासद होण्याची ही वाट होती.

संघ पुढे १९५३ मध्ये सर्व सेवा संघात विलीन झाला. सूत द्यायची रीत मात्र वर्ध्याजवळच्या पवनारला विनोबांनी चालू ठेवली होती. १२ फेब्रुवारी १९४८ ला तिथे धाम नदीत गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या. त्या तारखेला दरवर्षी सर्वोदय मेळा भरू लागला आणि येणाऱ्याने स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी वाहायची असं ठरलं. विनोबांनी तिला ‘सूतांजली’ म्हटलं. याच विनोबांनी अरबीतून कुरआन अभ्यासून ‘कुराण-सार’ काढलं. पैसे चालत नसत, जास्त दिल्याचा मोठेपणा नसे. माणशी वर्षाला एक गुंडी, ६४० तारांची.